बाईंचे संध्याकाळचे फोन

बाई गेल्याची बातमी शाळेत आणली ती शिपाईमामांनी. ते बाजारात गेले होते, तिथं बाईंच्या गल्लीतला इस्त्रीवाला भेटला. "गेल्या म्हणे. होऊनही गेले बरेच दिवस. कुणाला फारसं कळवलं नाही." शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी वळून भाऊसाहेबांकडे बघितलं.

"भाऊसाहेब, तुम्ही तर त्यांच्याबरोबर एका खोलीत होतात. घरी कोण कोण होतं हो त्यांच्या?"

भाऊसाहेब म्हणजे शाळेचे कारकून, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सांगण्यासारखं काही सापडेना. बाईंना भाऊ होता की बहीण, की दोन्ही नव्हतं. चहा त्या बिनसाखरेचा घेत, तो आवड म्हणून की दुखणं म्हणून. रविवारी त्या काय करत. यातलं काहीएक त्यांना ठाऊक नव्हतं. हार्डबोर्डच्या पार्टिशनच्या अलीकडे भाऊसाहेब आणि पलीकडे बाई, अशी वर्षं गेली. आता आठवायला बसलं तर हाताशी येतं ते एवढंच, की एक बाक होता, एक टेलिफोन होता, आणि काही संध्याकाळी होत्या. त्यावरून कुणाचं आयुष्य सांगू जाणं म्हणजे धाडसच. तरी जे आहे ते असं आहे. कमी वाटलं तर त्यात बाईंचा दोष नाही.

बाई मूळच्या बालवर्गाच्या. त्यांचा आवाज एके काळी असा होता म्हणतात, की त्यांनी वर्गात "हाताची घडी" म्हटलं की बाहेर नळावरची पोरंसुद्धा पाणी प्यायचं थांबवून हाताची घडी घालायची. पुढे घशात गाठी आल्या. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे ओरडायचं नाही. आता बालवर्गात न ओरडता तास घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय. बाईंचा वर्ग काढून घेतला आणि त्यांना कार्यालयात एक टेबल दिलं. टेबल दिलं, पण काम काय द्यायचं ते कुणाला सुचेना. काही दिवस त्या खडूंच्या पेट्या नुसत्या या कपाटातून त्या कपाटात लावत होत्या.

त्याच सुमाराला मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, पालकांनी जेरीस आणलं होतं. पालकांचं म्हणणं, शाळा आमचं ऐकत नाही. शाळेचं म्हणणं, ऐकत नाही काय, गेटापाशी सूचनापेटी लावलीय की! होती खरी पेटी. अधूनमधून शिपाईमामा ती उघडत. आत च्युइंगम, चॉकलेटचे कागद, एकदा तर जिवंत बेडूक. आणि इतक्या वर्षांत एकच खरीखुरी सूचना आली: 'ही पेटी काढा, माझ्या मुलाचं बोट अडकलं.' ती मात्र शाळेनं तात्काळ अमलात आणली.

पेटी गेली आणि तिथं बाक आला. जुना, पाठ असलेला, व्हरांड्यात कार्यालयाच्या खिडकीखाली ठेवलेला. मोठ्या बाईंनी बाईंना बोलावून काम समजावलं. खिडकीच्या आत दाखले लिहीत बसलेल्या भाऊसाहेबांना ते सगळं ऐकू आलं.

"शाळा सुटताना रोज इथं बसायचं. ज्याला सांगायचंय तो येऊन बसेल. आपण फक्त ऐकायचं. उत्तर द्यायचं नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही, शाळेची तर नाहीच नाही."

"मग मी बोलायचं काय?" बाईंनी विचारलं.

"हं म्हणायचं."

"नुसतं हं?"

"नुसतं. बोलायला आमची इतर मंडळी आहेत की, ती बोलतात म्हणून तर हा बाक आणावा लागला. आणि लिहून घ्यायचं नाही. समोर वही आली की माणूस साक्षीला उभा राहिल्यासारखा बोलतो. जे कानावर पडेल ते आहे तसं, एक शब्द न गाळता, दुसऱ्या दिवशी मला सांगायचं. आणि जे ठरेल ते ज्याचं त्याला संध्याकाळी फोन करून तुम्हीच कळवायचं. नाही म्हणायचं असलं तरी फोन करायचाच. माणसाला नकाराचा राग येतो तो येतोच, पण काहीच उत्तर न मिळण्याचा त्याहून जास्त येतो."

बाईंनी मान हलवली, आणि पुढे लवकरच पोरांनी त्यांचं नाव 'हंबाई' ठेवलं.

पहिले काही दिवस बाकावर कुणी फिरकलं नाही. मग एक वडील आले, ते बसायच्या आधीच बोलायला लागले.

"तो ज्वालामुखी मी केलाय, बाई. माझ्या हातांनी. घरातला साबण संपवला, टेबलाला भोक पडलं, बायको दोन दिवस बोलत नव्हती. आणि वर्गात त्याला शेरा काय, तर 'ठीक'? ठीक? अहो, धूर येत होता त्यातून!"

"हं," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच सांगा, याला ठीक म्हणतात?"

"हं."

ते गृहस्थ एवढे बोलले, एवढे बोलले, की शेवटी स्वतःच हसायला लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्टिशनपलीकडून बाईंचा आवाज आला आणि भाऊसाहेबांची लेखणी थबकली. बसल्या जागी नुसतं हं म्हणणाऱ्या बाईंचा फोनवरचा आवाज निराळाच होता. हळू, पण भरदार. जणू ओरडायची मनाई झाल्यापासून तो कुठंतरी साठत गेला होता.

"मी शाळेतून बोलतेय. तुम्ही ज्वालामुखीचं सांगितलं होतं ना, त्याचं असं ठरलंय, की यापुढे असल्या वस्तू मुलांनी वर्गातच करायच्या, घरी द्यायच्या नाहीत. आणि वर्गशिक्षिका म्हणाल्या, ज्वालामुखी फारच छान होता… छान कुणाचा, तुमचा का मुलाचा? ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही खोलात गेले नाही."

पलीकडून आलेलं हसू टेलिफोनमधून खोलीभर ऐकू आलं. बाईसुद्धा हसल्या. भाऊसाहेबांनी बाईंना हसताना ऐकलं ते तेव्हा पहिल्यांदा.

मग बाक रिकामा राहीनासा झाला. एक आजी आल्या. त्यांची नात शाळेत दिवसभर पाण्याचा थेंब पीत नव्हती. का, तर संडासाच्या दाराची कडी तिच्या हाताला पुरायची नाही, आणि उघड्या दारात बसायची तिला लाज वाटायची. वर्षानुवर्षं त्या कड्या तिथंच होत्या, आणि त्या मोठ्या माणसाच्या उंचीवर आहेत हे शाळेत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुतार आला. बाई स्वतः संडासासमोर गुडघ्यांवर बसल्या, म्हणाल्या, "मी आता बालवर्गात आहे. माझ्या हाताला लागेल अशी लाव." संध्याकाळी आजींना फोन गेला. त्यानंतर चार-आठ दिवसांनी पुन्हा गेला: "काय आजी, पाणी पिते का आता?"

हा दुसरा फोन नियमात नव्हता. पण तो कुणाला खटकला नाही. उलट पालकांना अपूर्वाई वाटली, की शाळा फोन करते, वर मागाहून विचारतेही. हळूहळू दुसऱ्यामागून तिसरा फोन जाऊ लागला. दप्तराच्या ओझ्यावरून बोलणं सुरू व्हायचं, ते पोराच्या झोपेवर जायचं, तिथून त्याच्या धाकट्या भावाच्या दातांवर. शाळा सुटलेली असायची. शिपाईमामा वर्गांना कुलपं लावत फिरायचे, त्यांच्या चपलांचा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचा. व्हरांड्यात एखादी विसरलेली पाण्याची बाटली पडलेली असायची. आणि कार्यालयात बाईंचा आवाज चालू असायचा. "हो का?… मग?… अगं बाई!… मग तो काय म्हणाला?"

भाऊसाहेब पलीकडे दाखले लिहीत बसत. खरं तर दाखले दुपारीच लिहून होण्यासारखे होते. ते संध्याकाळसाठी का ठेवले जात, हे भाऊसाहेबांना कुणी विचारलं नाही, म्हणून सांगायचीही वेळ आली नाही. त्यांच्या घरी माणसं भरपूर. मुलगा, सून, नातवंडं, सुनेची आई. पण त्या घरात भाऊसाहेबांना उद्देशून बोललं जाणारं वाक्य म्हणजे "जरा पाय वर घ्या, फरशी पुसायचीय." तिकडे जायची घाई अशी नव्हती. इथं निदान एक आवाज होता. तो त्यांच्याशी बोलत नव्हता हे खरं, पण कुणाशी तरी बोलत होता.

शिपाईमामा एकदा म्हणाले, "बाई, फोनला घरी घेऊन जा की! नाहीतर आम्हालाच इथं उशी-पांघरूण आणावं लागेल."

"झालंच हं मामा," बाई म्हणाल्या, "एकच राहिलाय." त्या एकाला मग बराच वेळ लागला.

बेकरीत काम करणारी एक आई होती. तिची मुलगी त्याच वर्षी पहिलीत आली होती. एकदा तिनं बाकावर येऊन सांगितलं होतं, की दप्तर फार जड होतं, पोर खांदा चोळत घरी येते. शाळेनं वर्गात फळ्या ठोकून घेतल्या, जाड पुस्तकं तिथंच ठेवायची ठरलं, बाईंनी फोन करून कळवलं. तिथं ते संपायला हवं होतं.

काही आठवड्यांनी ती परत आली. बाहीला पीठ लागलेलं, केस रुमालात बांधलेले. मुलीला तिनं समोरच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः बाकाच्या कडेवर टेकली.

"आमच्या दप्तराचं तुम्ही सांगितलंत वरती, काम झालं. त्याबद्दल काही म्हणणं नाही. आता जे सांगतेय ते जरा बरं दिसणार नाही, पण कुणाला सांगू?"

"हं," बाई म्हणाल्या.

"तुमच्या शाळेतून एक बाई फोन करतात. संध्याकाळी. स्वभावानं चांगल्या असतील हो, बोलणं एकदम गोड. पण फोन ठेवतच नाहीत! दप्तराचं झालं, तर खांदा दुखतो का. खांद्याचं झालं, तर झोप लागते का. मी पहाटे अंधारात उठते, बाई. भट्टी थांबत नाही माझ्यासाठी. संध्याकाळची एवढीशी वेळ मिळते मला, तेवढ्यात पोर मांडीवर येऊन बसते, काय काय सांगायचं असतं तिला. आणि मी आपली शाळेशी बोलतेय! परवा ती वाट बघून बघून माझ्या मांडीवरच झोपली. न जेवता."

खिडकीच्या आत भाऊसाहेबांनी शाईचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"तोंडावर कसं म्हणायचं, की पुरे आता? शाळेचा फोन. उद्या पोरीवर राग काढला तर?" ती थांबली, मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला वाटतं, त्या बाईंना घरी बोलायला कुणी नसावं. वाईट वाटतं. पण त्याला मी काय करू, सांगा?"

बाईंनी पायरीवरच्या मुलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हं."

तिनं ओळखलं नाही, यात तिची काही चूक नव्हती. बाकावरच्या बाईंचा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. ऐकलं होतं ते नुसतं हं. ती मुलीचा हात धरून गेटाबाहेर गेली. त्या संध्याकाळी पार्टिशनपलीकडे फोन उचलला गेला नाही. बाई बसून होत्या, एवढं खुर्चीच्या कुरकुरण्यावरून कळत होतं.

भाऊसाहेबांच्या मनात आलं, की हे बोलणं तीन माणसांनी ऐकलंय. त्यातली एक विसरून जाईल, दुसरे आपण, आपण कुणाला सांगणार नाही. बाईंनी त्या बेकरीवालीला फोन करणं नुसतं थांबवलं तरी तिचं काम झालं. वर सांगायची गरजच काय? बाकीचे फोन राहतील. त्यांनी घसा खाकरला. एवढंच त्यांना जमलं.

"काही म्हणालात, भाऊसाहेब?"

"नाही, नाही. धूळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब सह्यांची फाइल घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेले, तर बाई तिथं उभ्याच होत्या. रोजच्यासारख्या हात पुढं जुळवून.

"एका आईचं म्हणणं आहे," त्या सांगत होत्या, "की संध्याकाळी ज्या बाई फोन करतात त्या स्वभावानं चांगल्या असतील, पण फोन ठेवत नाहीत. तिची मुलगी वाट बघून न जेवता झोपली. तोंडावर सांगायची तिला भीती वाटते, मुलीवर राग निघेल म्हणून." त्यांनी श्वास घेतला. "आणि तिला वाटतं, त्या बाईंना घरी बोलायला कुणी नसावं."

हे शेवटचं वाक्य गाळलं असतं तरी चाललं असतं, असं भाऊसाहेबांना वाटलं. पण एक शब्द न गाळता सांगायचं असं ठरलं होतं, आणि बाईंनी तो नियम आजवर कुणाच्या बाबतीत मोडला नव्हता.

मोठ्या बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "बाई, हे तुमच्याबद्दल आहे ना?"

"हो."

"मग बसा तरी. उभ्या का?"

"तुमचं काय ठरतंय ते कळलं की जाते. मला तिला कळवायचंय."

मोठ्या बाई काही कठोर नव्हत्या. त्यांनी टेबलावरचा कागद इकडचा तिकडे केला. "एकटीच बोललीय, पण आणखी कितीजणी गप्प असतील, देव जाणे. हल्ली सगळे मोबाइलवर मेसेज पाठवतात. संगणकाच्या सरांना सांगितलं तर—"

"सगळ्यांनाच फोन नको असेल असं नाही," भाऊसाहेब म्हणाले.

दोघींनी वळून त्यांच्याकडे बघितलं. मोठ्या बाईंच्या खोलीत न विचारता बोलायची भाऊसाहेबांची ही पहिलीच खेप. त्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे काहींना… म्हाताऱ्या माणसांना वगैरे…"

"खरंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "आपण ठरवण्यापेक्षा पालकांनाच विचारू या. सभा आहेच."

भाऊसाहेबांना आपण मोठाच पराक्रम केलासं वाटलं. सभेच्या दिवसापर्यंत ते मनातल्या मनात हिशेब करत होते: कडीवाल्या आजी हात वर करतील, ज्वालामुखीवाले तर नक्कीच करतील. बाईंशी ते हसून हसून बोलत असत.

सभा मोठ्या वर्गात भरली. पालक मुलांच्या बाकड्यांवर गुडघे दुमडून बसले होते. बाई मागच्या भिंतीशी उभ्या, शेजारी भाऊसाहेब. मोठ्या बाईंनी सगळं नीट मांडलं, कुणाचं नाव न घेता. मग विचारलं, "तर उत्तर कसं हवं? मेसेजनं चालेल, त्यांनी हात वर करा."

हात असे वर गेले, की मागून फळा दिसेना. ज्वालामुखीवाल्यांचा हात पहिला. बेकरीतल्या आईचाही होता. कुणी म्हणालं, "मेसेज बरा, वाचला न वाचला!" हशा झाला.

"आणि फोनच हवा असं कुणाचं म्हणणं आहे?"

वर गेलेले हात खाली आले. भाऊसाहेब डोळे ताणून आजींना शोधत होते. त्या आल्याच नव्हत्या. मग खिडकीजवळचा एक हात वर झाला, एका आजोबांचा.

"मला ते बारीक अक्षर दिसत नाही. मोतीबिंदू आहे."

त्यांच्या सुनेनं त्यांचा हात हलकेच खाली ओढला. "मी दाखवीन ना वाचून, बाबा! घ्या खाली."

"अगं, पण त्या बाई बोलतात छान—"

"बाबा!"

पुन्हा हशा झाला, वाईट असा नाही, सभेत होतो तसा. आजोबाही हसले. भाऊसाहेबांना शेजारी बघायचा धीर होईना. बघितलं, तर बाई मान हलवत होत्या, वर्गात एखाद्या मुलानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवावी तशी.

नियमाप्रमाणे एक फोन उरला होता. ज्या आईनं सांगितलं तिला काय ठरलं ते कळवायचं. ती सभेला होती, तिनं सगळं ऐकलं होतं, तरीही. संध्याकाळी बाईंनी नंबर फिरवला. भाऊसाहेबांसमोर एकही दाखला नव्हता. ते कोऱ्या कागदावर समास आखत बसले.

"मी शाळेतून बोलतेय. तुम्ही बाकावर फोनचं सांगितलं होतं, त्याचं असं ठरलंय, की यापुढे मेसेज येईल. फोन येणार नाही… हो, सभेत होतात तुम्ही, पण कळवायचं असतं म्हणून… नाही, मुलीवर कुणी राग काढणार नाही. तेही सांगायचं होतं."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"हो, मीच," त्या म्हणाल्या. "बाकावरही मीच असते."

मग बराच वेळ पलीकडचीच बोलत होती. भाऊसाहेबांना शब्द कळत नव्हते, नुसती धावपळ कळत होती आवाजातली.

"अहो, नाही हो. रडताय कशाला?… तुम्ही बरोबरच सांगितलंत. त्यासाठीच बसवलंय मला तिथं… अहो, मुलगी हाका मारतेय तुम्हाला, मला ऐकू येतंय. जा. जा तुम्ही."

रिसीव्हर जागेवर बसल्याचा आवाज आला. बाईंनी पर्स उचलली आणि त्या घरी गेल्या. शिपाईमामांच्या अजून निम्म्या वर्गांना कुलपं लागायची होती.

बाक चालू राहिला. बाई रोज बसत, हं म्हणत, सकाळी मोठ्या बाईंना सांगत. संगणकाचे सर मेसेज पाठवत. शाळेला ते सोयीचंच झालं, उत्तरं लवकर जाऊ लागली, पालकही खूश होते. त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. बेकरीतली आई काही दिवस गेटाबाहेरूनच मुलीला हाक मारून न्यायची, आत यायची नाही. मग एकदा आली, आणि बाकावर बसली.

"हं?" बाई म्हणाल्या.

"काही नाही. बसले जरा."

दोघी बसून राहिल्या. एकमेकींशी बोलण्यासारखं काही दोघींनाही सापडेना. मुलगी पायरीवरून चढउतार करत होती. शेवटी ती आई म्हणाली, "चला," आणि गेली. त्यानंतर ती पुन्हा तशी बसली नाही. पण मुलगी मात्र जाता-येता बाईंना "हंबाई, टाटा" म्हणायची.

शाळा सुटल्यावर कार्यालयात आता काही ऐकू यायचं नाही. भाऊसाहेबांनी दाखले दुपारी लिहायला सुरुवात केली. तरी ते थोडा वेळ बसत. पार्टिशनकडे बघून काहीतरी बोलावं असं त्यांना पुष्कळदा दिवसाउजेडी वाटलं होतं, बाई पलीकडे असताना. "चहा घेणार का" इथपासून "आमच्या घरी या एकदा" इथपर्यंत सगळं मनात जुळवून झालं होतं. पण कार्यालयात दिवसभर माणसांची ये-जा, आणि आपण बोललो तर बाईंना वाटायचं, हे कीव करतायत. असं करत बोलणं राहूनच जात होतं.

वर्ष संपलं आणि बाईंनी मुदतीआधी निवृत्ती मागून घेतली. निरोपाचा समारंभ नको म्हणाल्या, घशाचं कारण दिलं. शेवटच्या दिवशी भाऊसाहेब तालुक्याच्या कचेरीत गेले होते. परत आले तेव्हा पलीकडचं टेबल पुसून स्वच्छ होतं, आणि बाई गेलेल्या होत्या.

सुट्टीत शाळा रिकामी असते, पण कार्यालय उघडं असतं. एका संध्याकाळी भाऊसाहेब पार्टिशनच्या पलीकडे गेले. बाईंच्या खुर्चीवर नाही बसले, उभेच राहिले. सेवापुस्तकात बाईंचा नंबर होता. तो फिरवायला त्यांनी बराच वेळ घेतला. काय बोलायचं हे त्यांनी ठरवलं होतं, आणि घंटी वाजायला लागली तसं ते सगळं पार विसरून गेले.

"हॅलो?" आवाज तोच होता.

"मी… शाळेतून बोलतोय. भाऊसाहेब."

"भाऊसाहेब! बोला, काय झालं?"

"काही नाही, ते आपलं… पंचिंग मशीन सापडत नाहीये. तुम्ही कुठं ठेवलंय का?" पंचिंग मशीन त्यांच्या डोळ्यांसमोर टेबलावर होतं.

"अहो, तुमच्याच टेबलावर असेल. फायलींच्या खाली बघा."

"बघतो. थांबा हं." ते जागचे हलले नाहीत. पलीकडे घरात कसलाही आवाज नव्हता, पंख्याचासुद्धा नाही. आपण अजून काही विचारावं, तब्येतीचं विचारावं, असं त्यांच्या मनात येत होतं.

"आहे का?"

"आहे की. इथंच होतं."

"सापडलं ना? बरं झालं. मग ठेवते मी, तुमचा वेळ जायला नको."